शुगर काठावर आलीय : भाकरी, भात आणि बोटाला टोचणं

पर्वतीवरून | ३ सप्टेंबर, रात्री १०.४०

मंडळी, बँकेतल्या वार्षिक तपासणीत यंदा दोन आकड्यांपुढे लॅबवाल्यांनी ठळक बाण काढलेत. उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. वय ४४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ७१. पँटची कंबर तीन वर्षांत ३४ वरून ३७ वर गेली, तेव्हा शिंप्याला दोष देऊन मोकळा झालो होतो. वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला, आत्यालाही आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, "बॉर्डरवर आहे, गोड कमी करा, चाला, तीन महिन्यांनी या" म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. अहो, पण मी गोड मुळात फारसं खातच नाही. कमी काय करू?

घरी आल्यावर आईने "आपल्यात सगळ्यांनाच आहे, काही होत नाही" म्हणत फर्मान काढलं की पोळी बंद, ज्वारीची भाकरी सुरू. बायकोने चहातली साखर काढून गूळ घातला. मेव्हणा कारल्याचा रस घेऊन दारात उभा. ऑफिसातला एक जण दंडावर शुगर मोजणारा सेन्सर चिकटवून फिरतो आणि वडापाव खाल्ला की सगळ्यांना मोबाइलवरचा डोंगर दाखवतो. धाकटा भाऊ काडीपैलवान, तो माझ्या पोटाकडे बघून हसतोय.

तर प्रश्न असे. मधुमेह झालेला नसताना ग्लुकोमीटर घ्यावा का? घेतला तर टोचायचं कधी? भात-पोळी-भाकरीच्या भांडणात खरं कोण? आणि नवरात्र तोंडावर आलंय, साबुदाण्याचं काय?

उगाच_एक | १०.५२

काठावर पास झालात, अभिनंदन. आमच्या वेळी काठावर पास झालेल्याला पेढे वाटायची पद्धत होती.

अर्धाकप | ११.१०

दीक्षित डाएट. विषय संपला.
दिवसातून दोनदाच जेवायचं, खरी भूक लागेल तेव्हा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दीड वर्षात माझं ९ किलो उतरलं, एचबीएवनसी ६.२ वरून ५.६. गोळी नाही, मशीन नाही, टोचाटोची नाही.

उगाच_एक | ११.१४

आता कुणीतरी "दर दोन तासांनी खा" म्हणणारं येईल आणि धागा दोनशेवर जाईल. पॉपकॉर्न घेऊन बसतोय. (पॉपकॉर्नने शुगर वाढते का, तेही सांगा.)

ओपीडी_नं_४ | ४ सप्टेंबर, सकाळी ७.०५

नाशिकला प्रॅक्टिस करते. इथे कुणाला औषध सांगणार नाही, फक्त आकड्यांचा अर्थ सांगते.

उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४. यातलं काहीही असेल तर तो मधुमेहाचा उंबरठा. उपाशीपोटी १२६, दोन तासांनी २०० किंवा एचबीएवनसी ६.५ झालं आणि पुन्हा तपासून तेच आलं की उंबरठा ओलांडला. धागाकर्त्याची तिसरी तपासणी, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी केलेली, झालेलीच दिसत नाही. ती करून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं उपाशीपोटी बरं असतं आणि दोन तासांनी पितळ उघडं पडतं.

हिमोग्लोबिनही बघा. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींवर चिकटलेली साखर, आणि पेशी जगते सुमारे १२० दिवस. लोह कमी असेल तर हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो. रक्तस्राव झाला असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल तर उलट कमी दिसतो. विदर्भात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्यांच्या बाबतीत तर या एका आकड्यावर विसंबूच नये. माझ्याकडे दरमहा एखादी तरी बाई ६.० घेऊन रडकुंडीला आलेली असते आणि हिमोग्लोबिन निघतं ८.

अर्धाकप, तुम्हाला फायदा झाला, आनंद आहे. पण मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी केली तर साखर धाडकन उतरते. वाचणाऱ्यांत तेही असतील म्हणून लिहिलं.

टेम्सकाठ | दुपारी १.३०

गंमत सांगतो. माझं ५.९ आलं तेव्हा पुण्याचा डॉक्टर मित्र फोनवर म्हणाला, "प्रीडायबेटिक आहेस." इथे इंग्लंडात फॅमिली डॉक्टरने तोच कागद बघून "नॉर्मल" लिहिलं. इकडे हा आकडा वेगळ्या मापात देतात, ४२ ते ४७ असेल तरच काठावर, म्हणजे तुमच्या भाषेत ६.० ते ६.४. मी ४१. विमानात बसलो की आजारी, हीथ्रोला उतरलो की ठणठणीत.

धागाकर्ते, तुमचं ६.१ म्हणजे इथलं ४३. तुम्हाला इथे येऊनही सुटका नाही.

सरळसोट | ३.१५

टेम्सकाठ यांनी नकळत खरं बोलून टाकलं. ही रेषा माणसानेच ओढलेली आहे. २००३ साली अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने उपाशीपोटीची रेषा ११० वरून १०० वर आणली आणि रात्री झोपताना धडधाकट असलेली कोट्यवधी माणसं सकाळी रुग्ण म्हणून उठली. मग मशीनच्या पट्ट्या विका, सेन्सर विका, "शुगर फ्री" बिस्किटं विका. आमचे आजोबा रोज चार वाट्या भात खाऊन ९१ वर्षं जगले. कुणी बोटं टोचली नाहीत.

उगाच_एक | ३.२०

तुमचे आजोबा चार वाट्या भात खाऊन दिवसभर नांगर धरत होते. आपण चार वाट्या खाऊन माउस धरतो.

ओपीडी_नं_४ | रात्री ९.४५

सरळसोट, २००३ चं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना अजूनही ११० च धरते. पण धागाकर्त्यांचे ११२ दोन्ही रेषांच्या वर आहेत, त्यामुळे तुमचा मुद्दा खरा असूनही त्यांच्या कामाचा नाही.

काठावरचा प्रत्येक जण पलीकडे पडतोच असंही नाही. पण आपण भारतीय लवकर पडतो. अमेरिकेत २००२ मध्ये तीन हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन सातेक टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने आपल्या ५३१ लोकांवर तसाच अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामवाल्या गटात ३९ टक्के. फायदा झालाच, पण अमेरिकेइतका घसघशीत नाही. हा अभ्यास दोन तासांची साखर वाढलेल्या लोकांवरचा होता, म्हणून तर ती तपासणी करा म्हणते.

गोळी लगेच लागते असं नाही. लागली तरी पाप नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या शाकाहारी माणसाने बी-१२ मात्र तपासत राहावं.

शेवग्याची_शेंग | ५ सप्टेंबर, सकाळी ११.२०

पर्वतीवरून, ग्लुकोमीटर घ्या. मी सहा वर्षं या काठावर तंबू ठोकून आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात शुगर निघाली. बाळंतपणानंतर गेली आणि सगळे विसरले, मीही. तीन वर्षांनी तपासलं तर ६.०. गरोदरपणात शुगर झालेल्या बायकांनी पुढे दरवर्षी तपासायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे कुणी तशी असेल तर आजच तपासा.

मशीन आणलं आणि पहिला आठवडा वेड्यासारखी दिवसातून आठ वेळा टोचत होते. पट्टी वीसेक रुपयांना पडते. नवऱ्याने हिशेब मांडून दाखवला तेव्हा शुद्धीवर आले. मग पद्धत बसवली. एका वेळी एकाच जेवणाची चौकशी. पहिला घास घ्यायच्या आधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून. वहीत तारीख, काय खाल्लं, किती खाल्लं, दोन आकडे. तेच ताट पुन्हा तीन दिवसांनी. महिन्याभरात आपल्याला काय सोसतं आणि काय नाही याची घरगुती यादी तयार होते.

माझ्या यादीतलं थोडं. नुसते कांदेपोहे एक मोठी डिश : ९६ वरून १८४. अर्धी डिश पोहे आणि त्यावर वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ : १३८. इडल्या चार : १८०. दोन इडल्या आणि दोन वाट्या सांबार : १४१. थालीपीठ आणि दही : १३५. हे माझे आकडे आहेत. माझी जाऊ तेच पोहे खाते आणि तिचे १२० च्या वर जात नाहीत. म्हणून दुसऱ्याचा चार्ट उतरवून घेऊ नका.

ताटातला क्रम बदलून पाहिला, तो मला सगळ्यात लाभला. आपल्याकडे पहिला वाढतात तो वरणभात-तूप, तेही पोट रिकामं असताना. मी उलटं केलं. आधी काकडीची कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ किंवा अंडं, मग पोळी, आणि शेवटी ताकभाताचे चार घास. जिन्नस तेच, माप तेच. आधी १७८ यायचे, आता १४६. सासूबाई म्हणाल्या, "श्राद्धाच्या पानावर तरी सरळ जेव गं." जेवते.

आणि शतपावली! फेसबुकवर गोरे लोक "जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला" असा नवा शोध लावतात तेव्हा हसू येतं, आपल्या भाषेत त्याला शब्द आहे. फक्त शंभर पावलांनी भागत नाही. सोसायटीच्या पाच फेऱ्या मारते, ओट्यावरची भांडी तशीच टाकून.

आता फजिती. मे महिन्यात दुपारी बोट टोचलं आणि आकडा आला २४८. हातपाय गार पडले. नवऱ्याला फोन, आईला फोन, डोळ्यांतून पाणी. मग लक्षात आलं की अर्ध्या तासापूर्वी मी रसासाठी दोन डझन हापूस पिळले होते. हात धुतले होते, पण नुसत्या पाण्याने बोटं ओली केली होती म्हणा. साबणाने घासून, कोरडे करून पुन्हा टोचलं : ११७. आंब्याची शुगर मोजली होती मी, माझी नव्हे.

उगाच_एक | ११.४०

हापूसला मधुमेह आहे हे देवगडवाल्यांना कळू देऊ नका.

मालदांडी | दुपारी २.०५

आमच्याकडं सोलापुरात भाकरीशिवाय जेवण असतंय का? धागाकर्त्याच्या आईसाहेबांचं बरोबर हाय. ज्वारी थंड, पचायला हलकी, शुगरला एक नंबर. आमच्या शेतातली मालदांडी पाठवतो, खाऊन बघा. गव्हानं घात केलाय महाराष्ट्राचा. रेशनवर गहू आला आणि घरोघरी शुगर आली.

शेवग्याची_शेंग | २.३०

मालदांडी, मलाही भाकरी प्रिय आहे, पण एकदा वजनकाटा काढा. मी काढला. माझा फुलका २५ ग्रॅम पिठाचा. आमच्या बाई करतात ती भाकरी ८० ग्रॅमची. ज्वारी काय, गहू काय, पिठात साधारण दोन तृतीयांश पिष्टच. म्हणजे एक भाकरी खाल्ली की तीन फुलके पोटात गेले. "मी आता फक्त दोन भाकऱ्या खातो" म्हणणारा सहा फुलके खात असतो. माझा आकडा दोन भाकऱ्यांना १८९. एका भाकरीला, सोबत पिठलं आणि मेथीची भाजी, १४०.

मालदांडी | २.५०

८० ग्रॅम? आमच्या आईची भाकरी बघाल तर १०० च्या खाली नसंल. ताटाएवढी असती. घरात काटा नाही, दुकानातला आणतो आज.

(रात्री) ११२ ग्रॅम. आईला सांगितलं नाही अजून.

ओपीडी_नं_४ | रात्री १०.१५

हसतेय. ज्वारीला बदनाम मात्र करू नका, तंतू आहेत, चावावी लागते. मैदा आणि पॉलिशच्या तांदळापेक्षा कधीही बरी. फक्त "भाकरी म्हणजे औषध, कितीही खा" हे खरं नाही.

गुळाचंही तेच. गुळात बहुतांश साखरच असते. बायकोला सांगा, चहात गूळ घालून आपण फक्त रंग बदललाय.

शीतकडी | ६ सप्टेंबर, सकाळी ९.००

गोव्यातून हजेरी. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा अभ्यास आला, त्यात मधुमेहाच्या प्रमाणात आमचं गोवा पहिलं आलं. २६.४ टक्के. सगळ्या देशाचं ११.४. आणि काठावरचे देशभरात १३.६ कोटी, म्हणजे धागाकर्त्यांना सोबत भरपूर आहे.

पोळी की भाकरी या वादात आम्हाला कुणी विचारत नाही. दुपारी शीत (भात) आणि नुस्त्याची (माशाची) कडी नसेल तर आमचा माणूस जेवलोच नाही म्हणतो. भात सोडणं जमणार नव्हतं, म्हणून भाताची मूद लहान केली आणि बांगडा मोठा केला. पूर्वी ताटात भाताचा डोंगर आणि कडेला एक मासा. आता दोन बांगडे, वाटीभर तोंडाक (रस्साभाजी), आणि भात मुठीएवढा. पांढऱ्याच्या जागी उकडे तांदूळ. दोन तासांनी १९० वर असायचो, तो १५० च्या आत आलो. सकाळच्या पावाचं मात्र अजून जमलेलं नाही. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकू आला की निश्चय गळतो.

उगाच_एक | ९.१२

अवांतर : कालच्या भाताचा फोडणीचा भात केला तर शुगर कमी वाढते असं व्हॉट्सॅपवर वाचलं. खरं असेल तर आमच्या घरात सगळे अमर आहेत.

ओपीडी_नं_४ | ९.३०

थोडं खरं आहे. शिजवलेला भात गार झाला की त्यातलं थोडं पिष्ट असं बदलतं की ते लहान आतड्यात पचत नाही, पुन्हा गरम केलं तरी बरंचसं तसंच राहतं. पण फरक थोडा. दुप्पट खायची परवानगी नाही. आणि भात रात्रभर ओट्यावर नको, फ्रिजमध्ये, नाहीतर शुगरआधी पोट बिघडेल.

आजोळ | दुपारी ४.१०

मुलांनो, मी ६८ वर्षांची. एकवीस वर्षं मधुमेह आहे, त्याआधी चार वर्षं तुमच्यासारखी काठावर होते. तेव्हा कुणी काठ म्हणतसुद्धा नव्हतं. "थोडी शुगर आहे" म्हणायचे, जसं थोडा पाऊस आहे.

मी सगळं केलं. मेथीदाणे भिजवून, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, विजयसारच्या लाकडी पेल्यातलं पाणी. मेथीने पोटाला बरं वाटलं, बाकी कशाने काही झालेलं मला तरी दिसलं नाही. वाईट एवढंच झालं की कारल्याचा रस घेतला म्हणून संध्याकाळी निर्धास्तपणे दोन बुंदीचे लाडू खायचे. रस काय ते बघून घेईल!

साबुदाण्याचं विचारलंत. माझ्या एकादशीच्या आकड्यांची वही सून दाखवते पाहुण्यांना. खिचडी, त्यावर बटाट्याचा कीस, वर खजूर. २९० होते दोन तासांनी. साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट, त्यात ना तंतू ना प्रथिनं. दाण्याच्या कुटाने जरा आवर बसतो, तरी नकोच. वरीचे तांदूळ लोक साळसूदपणे खातात, त्यातही पिष्ट भरपूर. आता माझा उपास म्हणजे दही-काकडी, मूठभर दाणे, उपासाला चालते ती भेंडीची भाजी आणि राजगिऱ्याची एक छोटी भाकरी. पांडुरंगाने अजून तक्रार केलेली नाही.

आणि पर्वतीवरून, आईवर चिडू नका. "आपल्यात सगळ्यांनाच आहे, काही होत नाही" असं माझीही सासू म्हणायची. तिचा पाय गेला होता तेव्हाही म्हणायची.

न्यूजर्सीची_आत्या | ७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

सेन्सरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. इथे २०२४ पासून इन्सुलिन न घेणाऱ्यांना चिठ्ठीशिवाय सेन्सर मिळतो. मी दोन महिने लावला. शिकायला उत्तम. रात्री दहाला जेवले तर पहाटेपर्यंत रेघ वरच राहते, हे बोट टोचून कधी कळलं नसतं. झोप पाच तास झाली की दुसऱ्या दिवशी त्याच नाश्त्याला जास्त उडी.

पण सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे असतो. त्या हातावर झोपलं की खोटा खड्डा दाखवतो. रात्री तीनला ५८ चा अलार्म वाजला, मी घाबरून ज्यूस प्यायले, कुशीवरून उठल्यावर ९५ होते. म्हणजे उगाच ज्यूस, आणि मग खरोखरच १७०.

दुसऱ्या महिन्यात तर मी सफरचंदालाही घाबरायला लागले. रेघ सपाट पाहिजे म्हणून नुसतं चीज आणि बदाम. मुलगी म्हणाली, "मम्मा, तू जेवत नाहीस, परीक्षा देतेस." तेव्हा काढून ठेवला. ज्यांना काहीच नाही अशा माणसांचीही रेघ जेवणानंतर थोडा वेळ १४० च्या वर जाते, हे मला उशिरा कळलं.

सरळसोट | ८.१५

म्हणजे मी म्हणत होतो तेच.

न्यूजर्सीची_आत्या | ८.२२

नाही हो. आरसा दिवसभर समोर धरू नये म्हणाले, फोडा नाही म्हणाले.

अर्धाकप | ८.४०

चीज-बदाम खाऊन राहण्यापेक्षा दोन वेळा पोटभर जेवा...

उगाच_एक | ८.४१

आलं परत.

पर्वतीवरून | १८ सप्टेंबर, रात्री ११.०५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, नाव घेत नाही, कुणी राहायला नको. ग्लुकोजची तपासणी केली. दोन तासांनी १६८. हिमोग्लोबिन १४.२, म्हणजे आकड्याला पळवाट नाही. मशीन आणलंय, वही घातलीय. सकाळचं उपाशीपोटी दुपारच्या जेवणाआधीपेक्षा जास्त येतं, ते का? रात्रभर तर काही खात नाही.

ओपीडी_नं_४ | १९ सप्टेंबर, सकाळी ७.१०

पहाटे शरीर उठायची तयारी करतं, त्या वेळच्या हार्मोन्समुळे यकृत साखर रक्तात सोडतं. काठावर असलेल्यांत तिला आवर घालायला इन्सुलिन कमी पडतं. मशीन बिघडलेलं नाही. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करून पाहा, आणि रोजच्या पाच-सात अंकांच्या चढउताराकडे बघू नका. घरचं मशीन लॅबपेक्षा १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, तेवढी सूट त्याला मानकातच दिलेली आहे.

पर्वतीवरून | ६ डिसेंबर, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. तीन महिने झाले.

वजन ७१ वरून ६६.५. कंबर एक भोक आत. उपाशीपोटी १०१, एचबीएवनसी ५.८. काय केलं ते थोडक्यात : नाश्त्याला पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी, दुपारच्या डब्यात दोन फुलके आणि उसळीची मात्रा दुप्पट, भात रात्रीऐवजी दुपारी आणि तोही शेवटी. संध्याकाळी साडेसातला जेवण, मग पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालत. मिसळ सोडलेली नाही. पाव सोडला. तर्री तशीच, १३२ येतात. आई सुरुवातीला वजनकाट्यावर भाकरीचं पीठ मोजणाऱ्या बायकोकडे बघून म्हणायची, "सोनं विकतेयस का?" आता स्वतःच विचारते, "माझी किती आली?" दिवाळीत दोन दिवस वही बंद ठेवली होती, खोटं कशाला बोलू.

पण लिहायला आलोय ते वेगळ्याच कारणाने. भाऊबीजेला जेवून सगळे बसलो होतो. माझा काडीपैलवान भाऊ, वजन ५८, मशीनची टिंगल करत म्हणाला, "मला टोच बघू, बिनशुगरचा माणूस कसा असतो ते कळेल तुला." टोचलं. जेवून सव्वादोन तास झाले होते. २१६.

हात साबणाने धुवायला लावले. श्रीखंडाचं बोट असेल म्हटलं. पुन्हा २०९. कुणी काही बोललंच नाही. दुसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये उपाशीपोटी १३१, एचबीएवनसी ६.९. वय ३९. पोट म्हणावं तर शर्टाआडून दिसतही नाही.

ओपीडी_नं_४ | रात्री १०.२०

तुमच्या पुण्यातच, केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. इंग्रज गृहस्थांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारा भारतीय आतून जाडच असू शकतो. आपल्याकडे म्हणून वजनापेक्षा कंबर मोजायची, पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८०. आणि आईवडिलांपैकी कुणाला असेल तर कंबर बारीक असली तरी तपासायचं.

भावाचं लवकर सापडलंय. टिंगल केली म्हणून सापडलं. त्याला फिजिशियनकडे न्या, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. तुमची वही त्याला देऊ नका, त्याची त्याला घालू दे.

टेम्सकाठ | १०.४५

५.८ म्हणजे आमच्याकडचं ४०. पर्वतीवरून, तुम्ही हीथ्रोला उतरलात की नॉर्मल. भावाची बातमी वाचून मात्र वाईट वाटलं. मीही बारीकच आहे, उद्या इंचपट्टी शोधतो.

मालदांडी | ११.००

आईची भाकरी ६० वर आणली. म्हणती, ही भाकरी हाय का पापड? पण खाती.

ओपीडी_नं_४ | ११.०८

पर्वतीवरून, एक विचारायचं राहिलं. भावाला टोचताना सुई नवीन लावली होतीत ना?

पर्वतीवरून | ११.१५

सुई नवीन होती. टोचायचं पेन तेच.

ओपीडी_नं_४ | ११.१९

पेनसुद्धा ज्याचं त्याचं वेगळं असतं. त्याच्या टोकाला रक्ताचा अंश राहतो, डोळ्यांना दिसत नाही. घरातलीच माणसं असली तरी नाही. भावाला उद्या स्वतःचं मशीन घेऊन द्या.

पर्वतीवरून | ११.२४

घेतलंय त्याने आजच. आत्ताच मेसेज आला : "दादा, दोन भाकऱ्या, २०१. काटा कुठून आणलास?"